शिलाईचे राहिलेले पैसे

मुबारक बागवान, नौदलातून निवृत्त,
शुक्रवार पेठेतल्या माझ्या दुकानात आले
ते खांद्यावर पांढऱ्या कापडाचं गाठोडं टाकून.
ताई, शीड शिवायचंय.
म्हटलं, मी ब्लाउज शिवते. फार तर परकर.
तेच तर पाहिजे, म्हणाले,
शिडालाही टक्स लागतात,
नाहीतर वारा धरायला पोटच राहत नाही.

अकरा दिवस. सुया मोडल्या सात.
आणि पैसे?
आधी बसून तर बघा.

राजाराम तलाव, मे महिना, पाच वाजलेले.
उद्यमनगरातल्या शेडमध्ये जोडलेली प्लायवूडची होडी,
तिला अजून नावही नव्हतं.
वारा कसला, नुसती झुळूक,
आणि माझं शीड दोरीवरच्या ओल्या चादरीसारखं लोंबत.
वाटलं, माप चुकलं. तोंड लपवावं कुठं?

इकडं सरका, म्हणाले, माझ्या बाजूला, खाली.
सरकले. होडी कलली, जराशीच,
आणि कापड आपल्याच भारानं
माझ्या टक्सांत जाऊन बसलं.
पोट धरलं शिडानं!
मंद वाऱ्यात हे असंच करायचं, ते म्हणाले,
कललेली होडी पाण्याला कमी चिकटते.
खरंच, मागं पाण्यावर एक बारीक दुमड उमटत गेली,
इस्त्रीच्या टोकानं काढावी तशी.

मग जोतिबाकडून आला तो.
आधी पलीकडचं पाणी काळवंडलं,
मग दोर ताणला,
आणि होडी अशी कलली की काठ पाण्याला टेकला,
माझा एक चप्पल तरंगत गेला,
तोंडावर पाणी, पदर कुठल्या कुठं,
आणि मी ओरडतेय, बागवान, उडतोय आपण, उडतोय!

ते मात्र दोन्ही हातांनी सुकाणूचा दांडा ओढत होते,
दात आवळून.
होडीचं नाक सारखं वाऱ्याकडं वळत होतं,
मशीनखाली कापड एका बाजूनं आखडलं
की शिवण तिकडंच पळते, अगदी तसं.
हे सुकाणू नव्हे ताई आता, ब्रेक आहे ब्रेक!
खालची फळी आडवी झालीय, पाणी धरत नाही,
बघा, पुढं कमी आणि बाजूलाच जास्त चाललोय.
बघितलं. समोर धरलेलं बाभळीचं झाड
केव्हाच डावीकडं गेलं होतं.
डोलकाठीला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल
म्हणत होता, ताशी सहा.

पाय पट्ट्यात अडकवा. बाहेर लोळा. अजून. अजून!
बहात्तर किलोची मी, साडी खोचून,
पाठ पाण्यावर, डोळे आभाळात.
माझं वजन कुणी असं हक्कानं मागितलं नव्हतं कधी.
तिकडं त्यांनी दोर सोडला,
सगळा नव्हे. वीतभर.

होडी उठून बसली.
आणि एकदम गप्प.
पाण्याचा तो आरडाओरडा नाही, काठावर फेस नाही,
दांडा त्यांच्या दोन बोटांत.
मी जरा हिरमुसलेच.
मजा गेली की हो.
पिशवी बघा, म्हणाले.
नऊ.
पिशवीत पाणी शिरलं असेल, म्हटलं.
ते हसले, हसतच राहिले
समोरचा बांध येईपर्यंत,
जो माझ्या हिशेबाच्या फार आधी आला.

परतताना एका चपलेनं चालत होते
आणि डोक्यात एकच गोष्ट.
तिसरा टक्स अर्धा बोट वर बसलाय.
तिथं, पोटाच्या जरा खाली, एक चुणी पडते.
त्यांना दिसली नाही, कुणालाच दिसणार नाही,
मला मात्र बाहेर लोळल्यावर नुसती तीच दिसत होती.

शीड उद्या उसवायला आणा, म्हटलं.
मग परत तपासायला यावं लागेल की, ते म्हणाले.
आता काय, आलं त्याला.

गल्लीत विचारतात, शिडाची शिलाई किती घेतली?
घेतेय अजून.